टॅबचा अँटेना

लेहला आमच्या करमणूक खोलीत एक टॅब होता. फोन भिंतीआडूनही वायफाय पकडायचे. हा मात्र राउटरला चिकटवून ठेवला तरच बोलायचा. आमचा साताऱ्याचा हवालदार रोज रात्री त्यावरून दहावीतल्या लेकीचं गणित घ्यायचा. प्रमेय निम्म्यावर आलं की चित्र गोठायचं.

सिग्नल्सच्या नाईकाने हेअर ड्रायरने कडा तापवून मागचं झाकण उचललं. बॅटरीला अवजार लागू द्यायचं नाही, एवढी ताकीद मी दिली. आत अँटेना म्हणजे चिकटवलेली चिमूटभर तांब्याची पट्टी, तीही तडकलेली. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे तीनेक सेंटिमीटरची पट्टीही पुरते. त्याच मॉडेलची नवी पट्टी दिल्लीहून यायला तीन आठवडे लागले, बसवायला दहा मिनिटं. जागा मात्र तीच हवी, प्लॅस्टिकच्या कडेखाली. धातूला टेकली की ती मुकीच.

त्या रात्री प्रमेय पूर्ण झालं. मग पलीकडून आवाज आला, "बाबा, मिशा केवढ्या पांढऱ्या झाल्यात!"

दुसऱ्या दिवशी हवालदाराने कँटीनमधून काळा रंग आणला.