पाँटियाकचे काळीज

डेट्रॉइट शहरात वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. नदीकाठी सुरू होतो आणि वायव्येला तिरपा निघतो, तो सुमारे २५ मैलांवरच्या पाँटियाक गावी पोचूनच दम घेतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्याला जसा सराफांचा मान, तसा इथे मोटारींचा. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा झाला, त्याचे कौतुक अजून सांगतात. १९१३ साली हेन्री फोर्डने सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळवायला सुरुवात केली, तो हायलंड पार्कचा कारखानाही याच्याच कडेला. आणि १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर जुन्या मोटारींची जी जत्रा भरते, ती पाहिल्यावर आपल्याकडच्या पालख्यांची आठवण होते. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासून पदपथावर बसलेले असतात. मोटारी गोगलगाईच्या गतीने समोरून जातात, आणि प्रत्येक घरघरीवर माहीतगारांची मान डोलते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी या रस्त्यालगतच्या एका उपनगरात, माझ्या आतेभावाकडे तीन आठवडे राहिलो. दादा मोटारधंद्यातला इंजिनियर. तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला. त्याच्याकडे रोजच्या वापराला एक शहाणी, निमूट जपानी गाडी आहे, आणि शनिवार-रविवारसाठी १९६८ सालची पाँटियाक जीटीओ.

या जातीच्या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात. आपण पहिलवानी मोटार म्हणू. मध्यम चणीच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे, ही त्यातली युक्ती. १९६४ साली पाँटियाकच्या मंडळींनी ती केली तेव्हा मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा खुद्द घरचाच नियम होता. त्यांनी ३८९ घनइंचांचे घातले आणि कागदोपत्री 'गिऱ्हाइकाने मागितले तर' असे जोडसामान म्हणून दाखवले. पळवाट काढण्यात आपणच पटाईत, असा माझा समज होता. दादाच्या गाडीत ४०० घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरांचे इंजिन आहे. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिने त्याच्या पोटात मावावीत. त्या काळच्या मापाने साडेतीनशे अश्वशक्ती.

तर या पहिलवानाची छाती भरून आली होती. सुरू करताना निळा धूर, तापले की तेलाचा दाब खाली, आणि आतून एक बारीक ठोका. आपल्याकडचा मिस्त्री कान लावून लगेच म्हणाला असता, "साहेब, इंजिन उतरवावं लागेल."

उतरवायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न होता, परत तेच चढवायचे का? एक मार्ग असा: जुने इंजिन उघडून सिलिंडर बोअर करायचे, वरच्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे, आणि शिसेविरहित पेट्रोल सोसतील अशा कठीण व्हॉल्व्ह-सीटा. दुसरा मार्ग: हल्लीचे ॲल्युमिनियमचे इंजिन विकत आणून बसवायचे. ६.२ लिटर, ४३० अश्वशक्ती, वजनाने बरेच हलके. थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होणारे, पेट्रोल कमी पिणारे.

ऐकताना दुसरा मार्ग सोपा वाटतो. पण दादाने कागदावर मांडून दाखवले तेव्हा माझे डोळे फिरले. नव्या इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो, म्हणून जास्त दाबाचा पेट्रोलपंप हवा. त्यासाठी टाकी बदला. त्याला मेंदू असतो, म्हणून तारांचे नवे जाळे आणि संगणकाची पेटी. खालचे तेलपात्र गाडीच्या आडव्या पट्टीला अडते, तेही वेगळे. धुराचे नळ वेगळे, इंजिन टेकायचे ठोकळे वेगळे. गिअरबॉक्स बदलली तर मागे जाणाऱ्या दांड्याची लांबीही बदलते. घरात नवी सून आणल्यावर भिंतींचा रंग, पडदे आणि सासूबाईंची खोली बदलावी लागावी, तसला प्रकार. इंजिनाइतकाच पैसा त्याच्या लवाजम्याला.

शिवाय क्रमांकाची भानगड होती. १९६८ पासून गाडीच्या क्रमांकाचा काही भाग इंजिनावरही ठोकू लागले. दोन्ही जुळले तर गाडी अस्सल. नाही तर बाजारात तिची पत उतरते. त्यातही, पाँटियाकचे इंजिन पाँटियाकचे स्वतःचे, १९५५ पासून चालत आलेले घराणे. नवे इंजिन शेव्हरलेटच्या कुळातले. कंपनी एकच, पण या लोकांत त्यावरून रोटीव्यवहार बंद होण्याइतकी कडवी मंडळी आहेत. आता तर पाँटियाक हे नावच २०१० साली कंपनीने बंद केले. त्यामुळे उरलेल्यांची निष्ठा अधिकच टोकदार झाली आहे.

वहिनींचे मत साधे होते. "गाडी विकायची नाही ना? मग पत कुणासाठी? मला पेट्रोलच्या वासाशिवाय सरोवरापर्यंत जाऊन यायचंय, आणि वाटेत टोइंगवाल्याची वाट बघत उभं राहायचं नाहीये." पोह्यांच्या बशीवर याला उत्तर नव्हते.

मला विचारले तेव्हा मी मास्तरकीच्या वळणाने बोललो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशुद्ध पाठ काढले, पण ग्रंथ तोच ठेवला. जुने इंजिन बोअर करणे हे प्रत शुद्ध करणे झाले. नवे बसवणे म्हणजे जुन्या बांधणीत दुसराच ग्रंथ. दादा हसला. "तुझा ग्रंथ रस्त्यात बंद पडत नाही," म्हणाला.

मधल्या एका दुपारी त्याने मला शहरातले कलासंग्रहालय दाखवले. तेही वुडवर्डवरच. तिथल्या एका दालनाच्या चारी भिंती दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये कारखान्याच्या चित्रांनी भरल्या आहेत. उत्तरेच्या भिंतीवर फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन तयार होते आहे: भट्टी, ओतीव ठोकळे, वाकलेल्या पाठी, ताणलेले दंड. माणसे आणि यंत्रे एकमेकांत अशी गुंतलेली, की कुठला हात कुणाचा ते शोधावे लागते. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर. २०२० च्या शिरगणतीत साडेसहा लाखही भरले नाही. दादा त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा होता. मी काही बोललो नाही.

दादाच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. पंच्याहत्तरी ओलांडलेले, तरुणपणी पाँटियाकच्या इंजिन कारखान्यात कामाला होते. दर शनिवारी दादाने गाडी काढली की कुंपणाशी येऊन ऐकतात. ते जुन्याच्याच बाजूने असणार, हे आम्ही धरून चाललो होतो. दादाने विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"बदलून टाक," ते म्हणाले. "आम्ही दिवसभर तेच बनवायचो. कधी पाळी संपते, एवढंच डोक्यात असायचं. नवं चांगलं आहे." आणि मग जायला वळून म्हणाले, "जुनं मात्र भंगारात देऊ नकोस. मला दे. माझ्या गॅरेजमध्ये जागा आहे."

दादा त्यावर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाला, "त्यांच्या गॅरेजमध्ये कशाला?"

मी परतल्यावर नोव्हेंबरात त्याचा फोन आला. बर्फ पडायच्या आत गाडी आत गेली होती आणि जुने इंजिन उतरवून कारखान्यात दिले होते. ठोकळ्याला चीर नाही, बोअर करण्याइतके मांस शिल्लक आहे. एप्रिलपर्यंत बांधून मिळेल. ठिणगीची यंत्रणा मात्र आतून इलेक्ट्रॉनिक करायची, वरून झाकण जुनेच. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या टाकायच्या, एवढे वहिनींनी त्याच्याकडून लिहून घेतले आहे. म्हातारबुवा दर आठवड्याला कारखान्यात चक्कर मारतात आणि तिथल्या पोरांना, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे ते सांगतात.