खोटेपणाचा शिक्का

परदेशात असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाण्यासाठी केलेला व्हिसाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा त्यामागची कारणं दोन प्रकारची असतात. कागद अपुरे आहेत, बोलावणाऱ्याचं उत्पन्न कमी पडतं, एखादा दाखला मुदतीत आला नाही, हा झाला पहिला प्रकार. त्यात माणसावर ठपका नसतो. कमी पडलेलं जोडलं की पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्या प्रकारात पत्र सांगतं की तुम्ही खोटी माहिती दिलीत, किंवा महत्त्वाची माहिती दडवलीत. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातल्या ४० व्या कलमाखाली हा ठपका बसला की पाच वर्षं त्या देशाचं दार बंद होतं. नोव्हेंबर २०१४ पर्यंत ही बंदी दोन वर्षांची होती. अमेरिकेत जाणूनबुजून खोटं बोलल्याचा निष्कर्ष निघाला तर बंदी जन्मभराची आणि सवलत मिळवायची तर तिकडच्या नागरिक किंवा कायम रहिवासी जोडीदाराला, नाहीतर आईवडिलांना, असह्य हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. पहिल्या प्रकारचा नकार गिळून पुढे जाता येतं. दुसरा मात्र निमूट गिळू नये, कारण दोन कागदांचा मेळ बसत नाही एवढ्यावरून माणूस लबाड ठरत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरच्या घरांतली कागदपत्रं पाहिली की हे फार स्पष्ट दिसतं.

सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आचऱ्यात, मसुऱ्यात किंवा देवबागेत जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी आहे आणि पासपोर्टवर सिंधुदुर्ग. दोन्ही खरं आहे. त्याच पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा नेमकी तारीख घरात कुणाला सांगता आली नाही आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घातली. आज लग्नाच्या वयात असलेल्या मुलींकडे जन्माचे दाखले आहेत, पण त्यांतल्या काहींवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो. बारशाआधी नोंद झाली, नाव नंतर घालायचं राहून गेलं. मग लग्न होतं. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत मुलीचं स्वतःचं नावही मांडवात बदलतं. आधार कार्ड माहेरच्या नावाने, बँकेचं पासबुक सासरच्या, रेशनकार्ड गावात, पगाराची स्लिप मुंबईच्या पत्त्याची. इंग्रजीत मालवण दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, वायरी तीन-चार तऱ्हांनी. यांतलं काहीच फसवायला केलेलं नाही. बरंचसं तर सरकारी टेबलावरच घडलं आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव घालायचं ठरलं. म्हणजे एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावंडांची नावं आता दोन वेगळ्या घडणीची असतील आणि वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी परदेशी अधिकारी त्या दोन कागदांकडे कपाळाला आठ्या घालून बघत बसेल.

सगळ्यात नाजूक गोष्ट लग्नाच्या तारखेची. मुलगा परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. व्हिसाचं काम लांबणार म्हणून आधी नोंदणी पद्धतीने लग्न उरकतात आणि मांडव पुढच्या मोसमात घालायचं ठरतं. कायद्याने दोघं त्या दिवशी नवराबायको झाली. पण गावाच्या आणि घराच्या लेखी मुलगी मांडव होईपर्यंत माहेरचीच. याच मधल्या काळात तिने दुसऱ्या कुठल्या देशाचा फॉर्म भरला आणि वैवाहिक स्थितीपुढे ‘अविवाहित’ लिहिलं, तर पुढे हे दोन कागद समोरासमोर येतात आणि ती खोटं बोलली असा निष्कर्ष निघतो. उत्तर चूक होतं, हे मान्यच केलं पाहिजे. पण ते फसवण्यासाठी दिलं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तिला विचारल्याशिवाय सुटत नाही. ‘वाग्दत्त वधू की बायको’ हा संशय माणसाला कुठवर नेतो, त्याचा दाखला इतिहासात आहे. जानेवारी १९७९ मध्ये एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. नियोजित वधूला तेव्हा आगाऊ परवाना लागत नसे, बायकोला लागे. ही आधीच विवाहित असून खोटं सांगते, असा संशय घेऊन अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य तपासणी करवली. ‘द गार्डियन’ने १ फेब्रुवारीला ही बातमी छापली, भारत सरकारने निषेध नोंदवला आणि ब्रिटनला ही प्रथा बंद करावी लागली. पुढे २०११ मध्ये मारिनेला मार्मो आणि इव्हान स्मिथ या अभ्यासकांनी ब्रिटिश सरकारी दप्तरातून उजेडात आणलं की अशा तपासण्या किमान ८० जणींच्या झाल्या होत्या आणि त्या करणाऱ्यांत मुंबईची ब्रिटिश कचेरीही होती. आज असं कुणी करत नाही. पण स्त्रीचं म्हणणं ऐकण्याआधी ती खोटं बोलते असं धरून चालणं तेव्हाही अन्याय होता, आजही आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की फसवणूक खरोखर होते. होतेच. नावापुरती लग्नं लावून माणसं परदेशी पाठवणारे आहेत, बनावट बँक-स्टेटमेंटं बनवणारे आहेत आणि आपल्या सीमेत कोणी यावं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. पण २०२३ मध्ये कॅनडात काय झालं ते बघा. पंजाबातल्या एका एजंटाने शेकडो विद्यार्थ्यांना कॉलेज-प्रवेशाची बनावट पत्रं दिली होती. कागद निखालस खोटे होते, त्यात विसंगतीचाही प्रश्न नव्हता. तरी विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर जूनमध्ये कॅनडा सरकारने हकालपट्टी थांबवून एकेक प्रकरण वेगळं तपासायचं ठरवलं: फसवणारा कोण आणि फसलेला कोण. जिथे कागदच बनावट होता तिथे ही तपासणी शक्य झाली, तर जिथे कागद खरे असून फक्त एकमेकांशी जुळत नाहीत तिथे ती अवघड आहे असं म्हणता येणार नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तर २०१० मध्येच, एए (नायजेरिया) या प्रकरणात, सांगून ठेवलं आहे की ज्या खोट्या माहितीपायी अर्ज नाकारायचाच असतो तिच्यामागे अप्रामाणिकपणा हवा. चुकून चुकीचं लिहिलं गेलं तर तो खोटेपणा होत नाही. हजारो फाइली हातावेगळ्या करणाऱ्या अधिकाऱ्याला कोकणातल्या चालीरीती कुठून ठाऊक असणार, असंही म्हणतात. बरोबर आहे, म्हणून तर त्याने आधी विचारावं. कॅनडात निर्णयाआधी ‘प्रोसिजरल फेअरनेस लेटर’ पाठवून खुलासा मागतात तो याचसाठी. त्या पत्रापायी फाइल काही आठवडे थांबेल; न विचारता चुकीचा निर्णय झाला तर एका जोडप्याची पाच वर्षं जातील.

दुसरा आक्षेप आपल्याच दारातला आहे आणि तो मला जास्त बोचतो. अर्जदार स्वतः फॉर्म वाचत नाहीत. ‘याआधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का?’ या प्रश्नापुढे एजंट परस्पर ‘नाही’वर खूण करतो, कारण ‘हो’ म्हटलं की कागद वाढतात. कॅनडाच्या कायद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. एजंटाने लिहिलेलंही तुमचंच धरलं जातं. मुद्दाम केलं नाही हे सांगूनही तिथे सहसा सुटका होत नाही. अजाणता झालेल्या चुकीची सवलत फार अरुंद आहे. हा कायदा मला जाचक वाटतो. पण जाचक आहे म्हणून तो टळत नाही. खाली सही आपली असेल तर वरचं प्रत्येक उत्तर आपण वाचलेलं असलं पाहिजे आणि जुना नकार लपवणाऱ्या एजंटाच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठून यावं.

नकार आल्यावर बहुतेक घरांत सल्ला मिळतो तो गप्प बसण्याचा: झालं ते झालं, थोडे दिवस जाऊ देत, दुसऱ्या एजंटाकडून नव्याने टाकू. हा सल्ला घातक आहे. शिक्का नोंदीत राहतो, पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तोच प्रश्न येतो आणि तेव्हा लपवलं तर पहिल्या वेळी नसलेली लबाडी या वेळी खरीच घडते. आणखी एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. लग्न होऊन माहेरीच राहिलेल्या मुलीला शेजारची काकी ‘कधी जातलंस?’ म्हणून विचारते, देवळात विचारतात, मासळी बाजारात विचारतात. कारण सांगितलं नाही की लोक कारण तयार करतात आणि ते नेहमी मुलीच्या माथी येतं. घरच्यांनी सरळ सांगावं की कागदांचा मेळ बसला नाही, आम्ही उत्तर देतो आहोत. यात लपवण्याजोगं काही नाही.

आणि उत्तर द्यायचं ते कागदानेच. अधिकाऱ्याच्या मनात नेमका कुठे संशय आला ते त्याच्या नोंदींत असतं. कॅनडाच्या प्रकरणात या ‘जीसीएमएस नोट्स’ मागवता येतात. मग प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर: नाव का बदललं, तर राजपत्रातली नोंद, दोन तारखा का, तर लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, भटजींची आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, जिल्हा वेगळा का, तर १९८१ चा बदल दोन ओळींत. गावकीत झालेली जुनी फारकत असेल तर तीही उघड मांडावी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, मात्र तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. जिथे खरंच चूक झाली तिथे ती चूक म्हणून कबूल करावी. खुलाशात आणखी एक सोयीचं उत्तर घुसवू नये. कुटुंबवर्गातल्या इतर बऱ्याच नातेवाइकांना खोट्या माहितीच्या ठपक्यावर कॅनडाच्या इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येत नाही, पण नवराबायकोसाठी कायद्याने ती वाट खुली ठेवली आहे आणि तिथे माणुसकीच्या कारणांचाही विचार होतो. हे अपील तिकडे असलेल्या जोडीदाराने करायचं असतं. नकाराची लेखी कारणं त्याच्या हाती पडल्यापासून त्याला ३० दिवस मिळतात. ते दिवस लोक काय म्हणतील या विचारात घालवू नका.