सहा पेनींच्या आतलं जग

५ नोव्हेंबर १९०९ रोजी लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर एक दुकान उघडलं. मालक अमेरिकन, फ्रँक विनफिल्ड वुलवर्थ. दुकानातल्या कुठल्याही वस्तूला सहा पेनींपेक्षा जास्त मोजायचं नाही, हा त्याचा नेम. ब्रिटनमधल्या गरिबांना तोवर माहीत असलेलं दुकान निराळं होतं. माल दुकानदाराच्या पाठीमागे, फळीवर. आपण मागायचं, त्याने काढून दाखवायचं, आणि एकदा काढायला लावलं की न घेता निघायची चोरी. वुलवर्थमध्ये सगळं मोकळ्या मेजांवर, किंमत लिहून मांडलेलं. आत या, हात लावा, उलटसुलट करून बघा, नाही पटलं तर जा. खिशात काही नसलं तरी कुणी हटकणार नाही.

ब्रिटिश माणसाच्या मनात या दुकानाविषयी आजही जी माया आहे, तिचं मूळ मला या मोकळ्या मेजांत दिसतं. स्वस्त माल त्याआधीही मिळे, आजही मिळतो. न विचारता आत शिरण्याचा मान मात्र गिरणीत काम करणाऱ्या बाईला तिच्या पेठेत इथे मिळाला.

सहा पेनींची मर्यादा पाळायला या लोकांनी काय काय केलं! भांडं एका किमतीला, झाकण वेगळ्या किमतीला. चष्म्याची चौकट सहा पेनी आणि काचा निराळ्या. हा नेम दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत टिकला, महागाईपुढे सुटला. पण तोवर त्याने एक मोठं काम करून ठेवलं होतं. १९३५ साली अॅलन लेन हा प्रकाशक पेंग्विन या नावाने सहा पेनींची कागदी बांधणीची पुस्तकं घेऊन बाजारात उतरला. पुस्तकविक्रेते नाकं मुरडत होते, इतक्या कमी किमतीत हा धंदा चालणार कसा म्हणून. पुस्तकाची किंमत वुलवर्थच्या नेमात बसत होती. तिथून ६३,५०० प्रतींची मागणी आली आणि पेंग्विन तरलं. आपल्याकडच्या कितीतरी वाचकांच्या कपाटात ती नारिंगी पाठीची पुस्तकं असतील. त्यांचा जीव ज्या मागणीने वाचवला ती तवे, बटणं आणि चॉकलेटं विकणाऱ्या दुकानातून आली होती. मला ही गोष्ट फार आवडते.

इंग्लंडमधल्या साठी-सत्तरीच्या कुणाशीही बोला, वुलीजचा, म्हणजे लाडाने वुलवर्थचा, विषय निघाला की चेहरा उजळतो. शनिवारी खाऊचे पैसे मुठीत घेऊन जायचं आणि गोळ्यांच्या डब्यांपुढे उभं राहायचं. छोट्या फावड्याने आपल्या हाताने निवडून गोळ्या पिशवीत भरायच्या, मग वजन. याला ते पिक अँड मिक्स म्हणतात. आईबापांनी निवडलेलं नाही, दुकानदाराने मापून दिलेलं नाही, आपलं आपण ठरवलेलं. फुटकी बिस्किटं स्वस्तात मिळायची. तीच बरी लागायची असं अजून सांगतात. एम्बसी नावाच्या तबकड्या असत, त्यांत गाजलेलीच गाणी दुसऱ्या गायकांच्या आवाजात, कमी किमतीत. ज्यांना मूळ तबकडी परवडत नव्हती त्यांच्या घरी हीच वाजली. शाळा सुरू व्हायच्या आधी लेडीबर्ड या छापाचे मुलांचे कपडे. १९५८ मध्ये हजारावं दुकान उघडलं. जेमतेम मोठं असं कुठलंही गाव घ्या, मुख्य रस्त्यावर लाल पाटी असायचीच.

त्या पाटीखाली एक भयंकर दिवसही आहे. २५ नोव्हेंबर १९४४, शनिवार, दुपारची वेळ. दक्षिण लंडनमधल्या न्यू क्रॉस इथल्या वुलवर्थवर जर्मनांचा व्ही-टू अग्निबाण पडला. १६८ माणसं गेली. युद्धात भांड्यांचा दुष्काळ होता आणि त्या दिवशी दुकानात पातेली आल्याची बातमी पसरली होती. बायका मुलांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. ज्या दुकानात सगळं गाव जायचं, तिथे गावाचा इतका मोठा तुकडा एकाच वेळी गेला.

आपल्या मुंबईने जी ब्रिटिश दुकानं पाहिली ती या जातीची नव्हती. काळ्या घोड्याजवळ, जहांगीर कलादालनासमोर, आर्मी अँड नेव्ही ही इमारत आहे. १८७१ साली लंडनमध्ये लष्कर आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या सहकारी संस्थेचं ते मुंबईतलं दुकान. संस्थेचे सभासद कोण, हे नावातच आहे. साहेबाला चहाच्या किटलीपासून प्रवासी पेटीपर्यंत सगळं मायदेशासारखं मिळावं म्हणून ते उघडलेलं. गिरगावातल्या कारकुनाने सहज आत शिरून वस्तू हाताळाव्यात, असं ते ठिकाण नव्हे. म्हणून त्या दुकानाची हुरहूर आपल्याकडे कुणाला लागत नाही. केम्प नावाच्या औषधवाल्याचं दुकान गेलं, केम्प्स कॉर्नर राहिला, आणि रोज तिथून जाणाऱ्याला केम्प कोण हे ठाऊकही नसतं. पाटी कितीही मोठी असो, ज्याला आत घेतलं नाही तो तिची आठवण कशाला ठेवील?

वुलवर्थचा शेवट मात्र लोक विसरायला तयार नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कंपनी दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांच्या ताब्यात गेली. कर्ज ३८ कोटी ५० लाख पौंड. ८०७ दुकानं, २७,००० माणसांच्या नोकऱ्या. नाताळ होईपर्यंत विक्री चालली. माल संपला तेव्हा फळ्या, दिवे, मेजं विकायला काढली. ६ जानेवारी २००९ रोजी उरलेली दुकानं बंद झाली. शंभरी भरायला दहा महिने बाकी होते. सांभाळून ठेवलेली पिक अँड मिक्सची शेवटची पिशवी लिलावात १४,५०० पौंडांना गेली, पैसे धर्मादाय कामाला. डॉर्चेस्टरमध्ये दुकानाच्या व्यवस्थापिकेने जुन्याच सहकाऱ्यांना घेऊन दोन महिन्यांत, मार्चमध्ये, त्याच जागेत ‘वेलवर्थ्स’ नावाने पुन्हा दार उघडलं. ते काही वर्षं चाललं. मालकांना जे जमलं नाही ते करून बघायची हिंमत पगारावरच्या बाईने दाखवली, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

पुढे पाठोपाठ दुकानं गेली. २०१६ मध्ये बीएचएस, वर्षभर आधी एका पौंडाला विकलेलं. २०२१ मध्ये डेबनहॅम्सची दालनं, २०२३ मध्ये विल्को. दर वेळी तेच ऐकू येतं: लोक तिथे जातच नव्हते, आता कशाला गळा काढतात? संगणकावर खरेदी करणाऱ्यांनी आपली पेठ आपणच मारली, असं ठणकावून सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. वुलवर्थमध्ये शेवटी शेवटी माल विस्कळीत होता, दुकानं मळकट झाली होती, गर्दी ओसरली होती. पण हिशेबाची वही उघडली की दुसरी नोंद दिसते. वुलवर्थची मालक असलेल्या किंगफिशर या कंपनीने २००१ मध्ये वुलवर्थ वेगळं काढलं, आणि त्याच वर्षी १८२ दुकानांच्या जागा ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकून टाकल्या. तीच दुकानं मग भाड्याने घेतली. पैसा वुलवर्थच्या हाती राहिला नाही, भाडं मात्र दर काही वर्षांनी वाढत राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या पेनी-पेनीने उभी केलेली मिळकत एका व्यवहारात गेली. शनिवारी खाऊचे पैसे घेऊन येणाऱ्या त्या मुलांनी हे दुकान मारलं असं मी मानत नाही. ते विकणाऱ्यांनी मारलं.