खिडकीतले काटे

पुण्यात आल्यापासून नऊ वर्षांत मी पाच घरं बदलली. बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा करार संपला म्हणून, एकदा मालकांना घर विकायचं होतं म्हणून. नवं घर शोधताना फोनवर बोलणं छान व्हायचं. नाव सांगितलं की 'अहो, कालच दिलं' असं कळायचं. या धावपळीत झाडं टिकत नसत. सोलापूरच्या अंगणातून अम्मीने दिलेला मोगरा दुसऱ्या घराच्या अंधाऱ्या बाल्कनीत वाळला. पुदिना तर त्याआधीच गेला होता.

मग एका नर्सरीतून साठ रुपयांना बोटभर उंचीचा कॅक्टस आणला. 'याला काही करावं लागत नाही,' असं नर्सरीवाला म्हणाला. अम्मी पाहून म्हणाली, "काटेवाले झाडां कायकू लाया रे घर में?"

तो पावसाळ्यात गेला. रोज थोडं थोडं पाणी घालत होतो, बुडातून कुजला. दुसरा पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, तर उजेडासाठी मान लांबवत फिकट, बारीक होत गेला. तेव्हा समजलं, कमी लागणं आणि काहीच न लागणं यांत फरक असतो.

कॅक्टसचं मूळ अमेरिका खंडातलं. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला, पण त्याला आता कुणी 'मूळचे कुठले?' विचारत नाही. पाणी वाचवण्यासाठी त्याच्या पानांचे काटे झाले, पाणी खोडात साठू लागलं. दिवसा तो आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो. अशा झाडाला आपली रोजची माया बाधते.

आता माझ्या खिडकीत सात कुंड्या आहेत. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, कुंडीला खाली भोक. चार-पाच तास ऊन. माती पूर्ण कोरडी झाली की खालून निथळेपर्यंत पाणी, मग पुन्हा कोरडी होईपर्यंत काही नाही. उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी येतं, थंडीत तीन आठवड्यांनी. पावसात कुंड्या आत.

घर बदलताना सातही कुंड्या एका खोक्यात मावतात. कुंडी बदलायची असेल तर वर्तमानपत्राची जाड पट्टी करून कॅक्टसला कमरेशी धरतो. नव्या मातीत लावल्यावर आठवडाभर पाणी देत नाही. उपटताना मुळं दुखावलेली असतात. जखमा सुकण्याआधी पाणी दिलं तर तिथूनच सड लागते. नव्या घरात पहिला आठवडा मीही फारसं कुणाशी बोलत नाही.

या घरात दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका कुंडीच्या कडेला चार पिल्लं फुटली. शेजारच्या काकू ईदचा शीरखुर्मा खायला आल्या, तेव्हा त्यांनी एक मागितलं. मी ते चिमट्याने सोडवून, चार दिवस सावलीत सुकवून, छोट्या कुंडीत लावून दिलं.

"याला काय काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ऊन भरपूर, पाणी कमी," मी म्हणालो, "आणि जागा सारखी बदलू नका."