अलाबामाहून अक्काला

नॅशव्हिल, बसस्थानक, मध्यरात्र

अक्का,

बस अजून लागलेली नाही. खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर मान वर न करता 'फलकावर बघा' म्हणाला, आणि फलक बंद. पुन्हा गेले तर त्याने काच ओढून घेतली. म्हातारी माणसं फरशीवर बसली आहेत, निदान त्यांच्याशी तरी असं वागू नये! एसी इतका, की तुझी शाल डोक्यावरून घेतली आहे. धपाटे इंडियानातच संपले. कागदी पेल्यातल्या कडू कॉफीला तीन डॉलर मोजले. अडीचशेच्या वर रुपये गं, तेवढ्यात आपलं चार दिवसांचं दूध होतं.

शेजारी एक कृष्णवर्णीय बाई आहेत, माझ्याच वयाच्या, निवृत्त नर्स. याच बसने मिसिसिपीत बिलॉक्सीला निघाल्या आहेत. माझ्या मांडीवरचं हार्पर लीबाईंचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' पाहून त्याच आधी बोलल्या. त्यांच्या गावी 2017 साली आठवीच्या अभ्यासातून ते काढलं होतं, वाचताना लोक अस्वस्थ होतात म्हणून. मला वाटलं, त्या बंदीवर चिडल्या असतील. तर नाही. त्यांच्या शाळेत त्या वर्गातल्या एकट्याच काळ्या. शिकवणाऱ्या बाई त्यातला काळ्यांसाठीचा घाणेरडा शब्द मोठ्याने वाचायच्या आणि सगळी डोकी यांच्याकडे वळायची. 'पुस्तक राहू दे,' म्हणाल्या, 'पण त्या तासाला माझ्यासारख्या मुलीला एकटं सोडू नका.' मग माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि खटल्याच्या प्रकरणांत काळा आरोपी टॉम रॉबिन्सन स्वतः बोलतो तेवढ्याच ओळींखाली रेघा मारत बसल्या. किती थोड्या निघाल्या, अक्का! मी हे पुस्तक इतकी वर्षं मुलींना शिकवलं, पण त्याच्याकडे या बाजूने कधी कुणी बघायला लावलं नव्हतं.

बस लागली बहुतेक. अण्णांना गुडघ्याचं तेल रात्रीच लावायला सांग.

मन्रोव्हिल

अक्का,

आपला नंदू ठरल्याप्रमाणे अटलांटाहून मोटार घेऊन माँटगोमेरीला आला. वाळलाय. तू विचारशील म्हणून आधीच सांगते: जेवण स्वतः करतो, पोळ्या विकतच्या. तिथलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च बाहेरून पाहिलं आणि लीबाईंच्या या गावी आलो.

इथे सकाळी ग्रिट्स मिळतात, म्हणजे मक्याच्या कण्या शिजवून त्यावर लोणी. वर लसणाची फोडणी पडली असती तर मी दोन वाट्या खाल्ल्या असत्या. चहा मात्र बर्फ घातलेला आणि पाकासारखा गोड. गरम मागितला तर वाढणारी मुलगी 'आजारी आहात का' म्हणून विचारायला लागली.

मोटेलात नाश्त्याला समोर एक गोरे गृहस्थ होते, व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीचे. त्यांच्या शाळा मंडळाने 1966 साली हीच कादंबरी अनैतिक ठरवून हटवली होती. तेव्हा रिचमंडच्या एका दैनिकाच्या संपादकाने, पत्र पाठवणाऱ्या पहिल्या पन्नास विद्यार्थ्यांना ती फुकट देऊ केली. संपादक कोण, तर शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसायला नकोत म्हणून वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिणारा! हार्पर लीबाईंनी त्या दैनिकाला पत्र लिहून दहा डॉलर धाडले: मंडळाच्या सभासदांना पहिलीच्या वर्गात घालण्यासाठी. या गृहस्थांना मात्र वडिलांनी मागणीचं पत्र टाकू दिलं नाही. पुस्तक हाती लागलं ते थेट सैन्यात गेल्यावर. माझी प्रत त्यांना वाचायला दिली. रेघा दिसल्यावर, कुणाच्या म्हणून विचारलं. मी बसस्थानकावरचं सगळं सांगितलं. नाश्त्याची खोली बंद होईपर्यंत ते त्याच ओळी वाचत होते.

मन्रोव्हिल, दुसऱ्या दिवशी

अक्का,

पाय सुजलेत, थोडक्यात लिहिते. कादंबरीवरच्या नाटकाचा पहिला अंक कोर्टाच्या आवारात, उघड्यावर, डास भरपूर. दुसरा आत, जुन्या कोर्टातच. कलाकार गावातलेच हौशी. लीबाईंचे वडील या गावात वकील होते. 1919 मध्ये त्यांनी दोन काळ्या आरोपींच्या बाजूने खटला लढवला आणि दोघांनाही फाशी झाली. ज्युरी म्हणून प्रेक्षकांतले पुरुष बसवतात. त्यात हॅनोव्हरवाले निवडले गेले. निकाल संहितेत ठरलेलाच, दोषी. ते परत येऊन शेजारी बसले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. याच काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियनला, खोट्या साक्षीवर, न केलेल्या खुनासाठी 1988 मध्ये दोषी धरलं. 1993 ला ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांनी त्याला मृत्युदंडाच्या कोठडीतून सोडवलं. तेव्हा ही कादंबरी येऊन तीस वर्षं उलटली होती आणि गाव तिच्या नावाने ओळखलं जात होतं! परतताना हे नंदूला आणि त्या गृहस्थांना मोटारतळावर उभं राहून सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला, लोक बघत होते. बघू देत. बिलॉक्सीच्या बाई इथे असत्या तर त्यांनी हे पहिल्या अंकाआधीच सांगितलं असतं.

माझी प्रत त्या गृहस्थांनी मागून घेतली, हॅनोव्हरला शिकणाऱ्या नातीसाठी, रेघांसकट. मी आनंदाने दिली. नंदू म्हणतो, अटलांटात दुसरी घेऊन देतो. तिच्यात रेघा नसतील, तेव्हा आठवतात तोवर मी स्वतः मारीन.

कुरडया वाळत घालण्याआधी गच्चीची गळती बघून घे. हापूस आठशे रुपये डझन असेल तर थांब, पंधरवड्यात उतरेल.

तुझी,
कुसुम