जव्हार-मोखाड्यात जेवायचंय? मग मेन्यूकार्ड विसरा!

जव्हारचं नाव काढलं की ऑफिसातल्या मंडळींच्या दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली : 'अरे, ते मिनी महाबळेश्वर ना?' आणि दुसरी, जरा दबक्या आवाजात : 'म्हणजे ते कुपोषणवालं?' तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. 'तिथे खायला काय मिळतं?' मी गेली काही वर्षं पाऊस सुरू झाला की याच प्रश्नापायी पालघर जिल्ह्यातल्या या दोन डोंगरी तालुक्यांत जातो. धबधबा वगैरे नंतर. आधी पोटोबा!

नाक्यावरचा नाश्ता

जव्हार हे एके काळी संस्थान होतं. मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं. १९४८ साली ते विलीन झालं. जयविलास राजवाडा अजून दिमाखात उभा आहे आणि वीकएण्डला त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी असते. ती गर्दी राजवाड्यावर सोडा आणि सकाळी सकाळी एसटी स्टॅण्डच्या आसपास फिरा. कढईत भजी-वडे उड्या मारतायत, मिसळीची तर्री उकळतेय, काचेच्या ग्लासात चहा ओतला जातोय. बाकड्यावर कोण? ड्युटी संपवून आलेला कण्डक्टर, वस्तीच्या शाळेवर निघालेले गुरुजी, तहसीलदार कचेरीत दाखल्यासाठी आलेला एखादा बाबा आणि बाजार करायला पाड्यावरून उतरलेल्या बायका.

इथेच पहिली गंमत कळते. आपण पडलो शहरी, आपल्याला 'लोकल' खायचं असतं. आपल्या डोक्यात नागलीची भाकरी आणि रानभाजी. आणि इथला लोकल माणूस 'हॉटेलात खायचं' म्हणतो तेव्हा त्याला हवा असतो वडापाव! साहजिकच आहे हो. भाकरी तर रोज घरी असतेच. बाजारच्या दिवशी चार पैसे सुटतात ते गरमागरम भज्यांसाठी आणि पोराला घेऊन दिलेल्या जिलबीसाठी. तेव्हा लोकलसारखं खायचंच असेल तर पहिला धडा हाच. बाकड्यावर थोडं सरकून जागा करून द्या, मिसळ मागवा आणि गप्प बसून कान उघडे ठेवा. गावात काय चाललंय, पाऊस कुठवर आलाय, कुणाच्या शेतात लावणी सुरू झालीय, सगळं कळतं.

बोर्डावर नसलेलं जेवण

मग ते 'खरं' जेवण कुठे? त्याचं उत्तर मेन्यूकार्डावर नाही. पनीर मसाला आणि व्हेज कोल्हापुरी आता जव्हारलाही मिळते, पण त्यासाठी एवढा घाट कशाला चढायचा? इथे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. छोट्या घरगुती खानावळींत किंवा पाड्यावर ओळखीने. "मावशी, उद्या चौघं येतोय. तुम्ही घरी जे करता तेच करा." ही ऑर्डर. नेमक्या याच वाक्याने मावशी बुचकळ्यात पडतात. "नागलीची भाकर? ती काय पाहुण्याला घालायची?" पाहुण्यासाठी भात आणि कोंबडी हवी, नागली गरिबाघरची, हे पक्कं बसलंय. थोडं मनवावं लागतं.

एकदा का मावशी राजी झाल्या, की मग बघा! गरम पाण्यात भिजवलेल्या पिठाची, हातावर थापलेली काळसर तांबूस भाकरी. सोबत उडदाची दाट आमटी. आणि खुरासणीची चटणी. खुरासणी म्हणजे काळ्या तिळासारखं दिसणारं तेलबी. पावसाच्या अखेरीला इथले उतार पिवळेधमक होतात ते हिच्याच फुलांनी. बी भाजायचं, लसूण, मिरची, मीठ घालून वाटायचं, झालं. अमेरिकेत हेच बी लोक अंगणातल्या पाखरांसाठी पाकिटं भरभरून विकत घेतात. त्या पाखरांची चैन आहे, एवढंच म्हणेन!

नॉनव्हेजवाल्यांनी नाराज होऊ नका. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावरचं सुकट, बोंबील इथल्या बाजारात पोचतात आणि कांद्यावर परतलेलं सुकट नागलीच्या भाकरीबरोबर जे काही लागतं ना... आणि पहिल्या पावसात नशीब असेल तर ओढ्यातले खेकडे आणि वलगणीचे मासे. ते मिळाले तर मिळाले. ऑर्डर देऊन मिळत नाहीत.

हिरवी भाजी, कोरडी कणगी

रानभाज्यांचा सीझन म्हणजे इथली खरी पर्वणी. पहिल्या सरींबरोबर येते शेवळी. जमिनीतून वर येणारा तपकिरी जांभळट कोंब. ही नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका! म्हणून बाजारात बायका जुडीबरोबर काकडाची आंबट हिरवी फळंही देतात. तीच तिचा उतारा. मग टाकळा, कुर्डू, कोळी, भारंगी. पुढे कंटोली आणि बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. प्रत्येकीचा मुक्काम थोड्या दिवसांचा. कुठली कशी चिरायची, कुठलीचं पहिलं पाणी टाकून द्यायचं, हे सगळं बायकांच्या डोक्यात. पुस्तकात शोधू नका.

पण या भाज्या नेमक्या याच दिवसांत का खातात, हे विचारलं की घास जरा सावकाश चावला जातो. जून ते सप्टेंबर हा डोंगरातला टंचाईचा काळ. मागच्या वर्षीची नागली, भात कणगीत तळाला गेलेलं आणि नवं पीक अजून शेतात. त्या फटीत जंगल हात देतं. आपण 'ऑरगॅनिक' म्हणून जिचा फोटो काढतो ती भाजी एखाद्या घरात त्या दिवसाचं जेवण असते. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली आणि सगळ्या देशाला या भागाचं नाव कळलं. तेही पावसाळ्याचेच दिवस होते.

आणि उपरोध बघा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, नाचणीची बिस्किटं आपल्या मॉलमध्ये चकचकीत पाकिटात आली. इथे मात्र वरी-नागलीची शेती कष्टाची. उतारावर, पावसात वाकून एकेक रोप लावायचं. आणि दिवाळीनंतर हाताला काम नसलं की बिऱ्हाड पाठीवर टाकून अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. म्हणून हिवाळ्यात गेलात आणि पाड्यावर दारं बंद दिसली तर नवल नको.

मोखाड्याचं पाणी

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की रस्ता आणखी वळणं घेतो. खोडाळ्याची बाजारपेठ, देवबांधचा गणपती, सूर्यमाळची थंड हवा. वाटेत टपरीवर चहा घ्याच. आणि तो घेताना एक गोष्ट आठवा. याच मोखाडा तालुक्यात मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. म्हणजे आपल्या ऑफिसच्या कूलरमधलं पाणी आणि मोखाड्याच्या टपरीवरचा चहा, दोघांचं माहेर एकच! फरक एवढाच, की एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन त्याची वाट बघतात. म्हणून उन्हाळ्यात इथे जेवायला बसलात तर तांब्याभर पाणी मागताना हात जरा आखडता घ्या. हात धुवायला बादलीभर पाणी मागणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही.

मग असं वाटतं, की एवढं सगळं कळल्यावर तिथे जाऊन खायचं तरी कसं? माझं उत्तर साधं आहे : खायचंच. पोटभर, चवीने आणि पूर्ण पैसे मोजून. मावशींच्या हातची नागली चौघांनी आवडीने मागून खाल्ली, दुसरी भाकरी मागितली, की 'ही काय पाहुण्याला घालायची' हा प्रश्न थोडा सैल होतो. रस्त्याकडेच्या बाईकडून शेवळीच्या दोन जुड्या भाव न करता घेतल्या, तर तो पैसा थेट तिच्या पदराला लागतो. कुपोषण आपल्या एका वीकएण्डने संपणार नाही, हे उघड आहे. पण ज्या अन्नाची इथल्या लोकांना लाज वाटावी असं आपणच शिकवलं, त्याला मान द्यायला मोठी योजना लागत नाही.

जाताय? हे वाचून निघा!

* मुंबईहून अहमदाबाद हायवेने मनोर, तिथून विक्रमगडमार्गे जव्हार. नाशिककरांनी त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा असं यावं. कसाऱ्याहून खोडाळ्याला जाणारा रस्ताही सुरेख. जव्हारला एसटी डेपो आहे.
* रानभाज्यांसाठी जून ते सप्टेंबर. खुरासणीची पिवळी शेतं बघायची तर पावसाच्या अखेरीला.
* आठवडी बाजाराचा वार आधी विचारून घ्या. त्या दिवशी गेलात तर अर्धी सहल तिथेच वसूल!
* जेवण आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी रद्द करू नका. तुमच्यासाठी आणलेलं सामान त्या घराला परवडणारं नसतं.
* शेवळी घेतलीत तर काकडं विसरू नका. नाहीतर सोमवारी मीटिंगमध्ये घसा खाजवत बसाल.
* ताटाचे, माणसांचे फोटो विचारून. पाड्यावरच्या मुलांचे तर नकोतच.
* प्लास्टिकच्या बाटल्या डोंगरात नाही, परत तुमच्याच गाडीत!