ओले धान्य वर

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे? गाडी स्पोर्ट जातीची असेल तर तिसराही येतो, टॉप किती जाते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विकणाऱ्याला तोंडपाठ असतात आणि ती सहसा खोटीही नसतात. फसवणूक होते ती न विचारलेल्या गोष्टींत.

आमच्या भाच्याला सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली आणि गाडीचा विषय घरात आला. दुलाभाई गेल्यापासून आपाने शिवणकाम करून घर चालवले. भिशीत साठलेले ऐंशी हजार तिने मुलापुढे ठेवले आणि एकच अट घातली, मामू बघेल ती गाडी. आम्ही उर्दू शाळेत गणित शिकवतो, मेकॅनिक नाही. पण आपाचा मुलगा रोज पुणे रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून जाणार होता. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

भाच्याने तीन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. २०१६ ची केटीएम आरसी २००, २०१७ ची पल्सर आरएस २०० आणि २०१९ ची यामाहा आर १५, तिसऱ्या आवृत्तीची. त्याने वहीत तक्ताच केला होता. आरसी आणि आरएस या दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातल्या, दोघींचे इंजिन १९९.५ सीसीचे, ताकद पंचवीसच्या आसपास. आर १५ चे इंजिन १५५ सीसीचे, ताकद एकोणीसच्या आसपास. वजनात आरएस सर्वांत जड, १६५ किलोच्या घरात. ॲव्हरेजमध्ये आर १५ पुढे. तक्ता सुबक होता आणि त्यात आरसी जिंकत होती. भाचा म्हणाला, ‘‘मामू, पच्चीस के सामने उन्नीस क्या है?’’

गणिताच्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नाही. पण पंचवीस हा आकडा गाडी नवी असतानाचा होता. आठ-नऊ वर्षे तीन मालकांनी पिळलेल्या इंजिनात त्यातले किती उरले हे तक्ता सांगत नव्हता. शिवाय तक्त्यात ब्रेकचा रकानाच नव्हता. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे २०१६ च्या आरसीला ते नव्हते, आरएसला पुढच्या चाकापुरते होते, आणि २०१९ च्या आर १५ ला दोन्ही चाकांना होते. पावसात पुणे रस्त्यावर अचानक ब्रेक दाबावा लागला तर चाक लॉक होऊन घसरायचे की नाही, हा प्रश्न सहा हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

स्पोर्ट गाडीची आणखी एक गोष्ट आहे. साध्या गाडीचे सगळे अंग उघडे असते. पडली तर खरचटलेले दिसते, तेल गळले तर ओघळ दिसतो. स्पोर्ट गाडी मात्र फेअरिंग पांघरून येते. वारा कापण्यासाठी केलेले ते प्लॅस्टिक जुन्या बाजारात दुसरेही काम करते. आतले झाकते.

म्हणून अशा गाड्यांची तुलना फेअरिंगच्या आतून सुरू करावी लागते. आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी आम्हाला जे शिकवले ते इथे सांगतो. गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला इंजिन गरम करू देऊ नका. गेल्याबरोबर इंजिनला हात लावून बघा. थंड गाडी कशी सुरू होते त्यात निम्मी कहाणी असते. सुरुवातीचा पांढुरका धूर जिरतो, निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण. हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि चेसीवर जिथे ते अडते तो स्टॉपर बघा. तो दबलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. फेअरिंगच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर ती अनेकदा उघडली गेली आहे. चेनच्या चक्राचे दात हुकासारखे वाकले असतील तर लगेच खर्च आहे. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी पायदानाचे रबर आणि डिस्कची झिजलेली कड बघा. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर आठ हजार दाखवत असेल आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर विचारायला हवे.

आरसीच्या मालकाकडे आम्ही मिस्त्रीचाचांना घेऊन गेलो. गाडी नवरीसारखी सजवलेली. चाचांनी एक पॅनेल उघडले. फेअरिंगच्या दोन खुंट्या तुटलेल्या आणि तारेने बांधलेल्या, रेडिएटरची जाळी एका कोपऱ्यात चेपलेली, स्टॉपर दबलेला. चाचांनी विचारले तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, ‘‘गाडी गिरी नहीं, ऐसा मैंने कब बोला?’’

खरेच, तो तसे बोलला नव्हता. आम्हाला दीनियातच्या तासाला ऐकलेला प्रसंग आठवला. रसूलुल्लाह बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? त्या व्यापाऱ्यानेही खोटे काही सांगितले नव्हते. धान्य फक्त रचून ठेवले होते. फिकहमध्ये यावर पुढे सविस्तर नियम झाले. मालात लपलेला ऐब निघाला तर तो परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदा मुळात खरेदीदारानेच सावध राहावे या तत्त्वावर उभा आहे, त्याला काही अपवाद आहेत इतकेच. एक व्यवस्था डोळे उघडे ठेवायला सांगते, दुसरी ढीग उघडा ठेवायला. आमच्या बाजारात लोक नमाज पढून येतात आणि सोयीची तेवढी व्यवस्था निवडतात.

त्याच सुमारास आम्ही आमची पल्सर १५० विकली. होटगी रोडवर कुत्रे आडवे आल्याने ती एकदा पडली होती आणि पुढचा फोर्क सरळ करून घेतला होता. घ्यायला आलेला गवंडी माणूस. त्याने ॲव्हरेज विचारले, पिकअप विचारला, फोर्कचे विचारले नाही. आम्ही सांगितले. त्याने लगेच चार हजार कमी केले आणि ते वाजवीच होते. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘‘सर, त्यांनी पूछे थे क्या?’’ नव्हते विचारले. पण त्याची दोन लहान मुले पेट्रोलच्या टाकीवर बसून जाणार, हे तो आला तेव्हाच आम्ही पाहिले होते.

कागदांचेही असेच आहे. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, सही करून कोरे कागद हातात देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यातल्या विक्रीत विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी कितीही हात फिरली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई देणारा मालक तोच. एखाद्या गरिबाने विकलेली गाडी भलत्याच माणसाच्या हातून कुणाला उडवते आणि नोटीस मात्र या गरिबाच्या दारी येते. म्हणून गवंड्याच्या नावावर गाडी झाल्याचे पाहिल्यावरच आम्ही हातावेगळे झालो.

भाच्याने शेवटी आर १५ घेतली. ती मोहोळच्या एका मुलाची होती. त्याने स्वतःच पॅनेल काढून इंजिनच्या कव्हरवरचा ओरखडा दाखवला, क्लच प्लेट बदलल्याचे बिल दिले, बँकेचा बोजा उतरवल्याचा ३५ नंबरचा फॉर्म दाखवला. किमतीत मात्र दमडी सोडली नाही. हेल्मेटचे पैसे आम्ही घातले. पंचवीसवरून एकोणीसवर आल्याचा भाच्याला अजून थोडा राग आहे. आपा रोज संध्याकाळी सातच्या सुमारास खिडकीशी शिवणयंत्र ओढून बसते. हॉर्न वाजला की ती उठून चहाचे आधण ठेवते.

गणिताच्या वर्गात नफा-नुकसानीची गणिते येतात. इतक्याला घेतली, इतका खर्च केला, इतक्याला विकली, तर नफा किती? यंदा आम्ही फळ्यावर जुन्या मोटारसायकलीचे उदाहरण घातले आणि त्यात फोर्कचा ऐब व सोडलेले चार हजारही मांडले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘‘सर, ये चार हजार नुकसान में लिखना या खर्चे में?’’ वर्गात दोन तट पडले. आम्ही दोघांनाही आपापली बाजू मांडायला लावली, आणि तो तास त्यातच संपला.